इंजिन ओळखीचं, गाडी परकी : जुनी फियाट लिनिया घेताना

मित्रहो, आपल्या खान्देशात कुणी ‘जुनी इटालियन गाडी घेऊ का?’ असं विचारलं, की दहापैकी नऊ वेळा तो लिनियाबद्दल विचारत असतो. फियाटचं नाव आपल्याला जुनंच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी कितीतरी डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या दारात उभी असायची, आणि आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. पण आज बाजारात फिरणारी, चालवता येण्याजोगी इटालियन सेदान म्हणजे लिनिया. ती जानेवारी 2009 मध्ये भारतात आली आणि साधारण दहा वर्षांनी बंद झाली. तिचा कारखाना कुठे, तर आपल्या रांजणगावला, महागणपतीच्या गावाजवळ.

आज एका जुन्या अल्टोच्या भावात लिनिया मिळते. जाड पत्र्याची, रस्ता धरून चालणारी, पाचव्या गिअरमध्ये शांत पळणारी गाडी. धुळे-नाशिक रस्त्यावर एकदा चालवली की माणूस तिच्या प्रेमात पडतो, आणि ते प्रेम खोटं नसतं. मीही या गाड्या गॅरेजमध्ये मनापासून सांभाळतो. म्हणूनच आज एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. लोक घाबरतात इंजिनला आणि डोळे झाकून घेतात बाकीची गाडी. खरं तर उलट करायला हवं. या गाडीचं इंजिन आपल्या गावोगावच्या मिस्तरीला पाठ आहे. परकी आहे ती बाकीची गाडी.

आधी इंजिनाचं बोलू. डिझेल लिनियात 1248 सीसीचं मल्टिजेट आहे. हेच इंजिन मारुतीने डीडीआयएस नावाने स्विफ्ट आणि डिझायरमध्ये घातलं, टाटाने क्वाड्राजेट नावाने व्हिस्टा आणि मांझामध्ये घातलं. नंतर अर्टिगा आली, सियाझ आली. 2020 मध्ये बीएस-6 हा धुराचा नवा नियम आला तेव्हा ते बंद झालं, पण तोवर देशभर पसरलं होतं. त्यामुळे चाळीसगाव असो की शहादा, या इंजिनाचा फिल्टर, इंजेक्टरचं काम, चेन किट यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. स्विफ्टचं इंजिन 75 हॉर्सपॉवरचं, त्याचा टर्बो साधा. लिनियाचं 90 च्या आसपासचं, त्याच्या टर्बोच्या आतली पाती वेगाप्रमाणे कोन बदलतात. म्हणून कुणी ‘स्विफ्टचा टर्बो बसवून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. ते नातं अर्टिगा, एसएक्स-4 आणि मांझा यांच्याशी जुळतं, आणि तिथेही पार्ट नंबर ताडूनच घ्यायचा.

या इंजिनाचा खरा शत्रू म्हणजे जुनं ऑइल. यात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. चेन म्हटली की लोकांना वाटतं जन्मभर पाहायला नको. पण तिला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि इंजिनात ऑइल असतं जेमतेम तीन लिटर. कंपनीचा हिशेब 15 हजार किलोमीटरचा होता. आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा पाहता मी 8 ते 10 हजारांच्या पुढे कुणाला जाऊ देत नाही. ऑइल वेळेवर बदललं नाही की गाळ धरतो, टेन्शनर ढिला पडतो, चेन वाढते. एक दिवस ती दात सोडते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवावं लागतं. हे दुखणं अचानक येत नाही, आधी आवाज देतं.

तो आवाज ऐकायचा कसा? मालकाला सांगा, मी सकाळी येतो, तोवर गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा, तुम्ही येण्याआधी कुणीतरी गाडी फिरवून आणली आहे. गार असेल तर एकाला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही पुढे उभं राहा, गिअरबॉक्सच्या उलट बाजूला कान देऊन, कारण चेन त्या टोकाला असते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत डिझेलच्या ठकठकीखेरीज पत्र्याच्या डब्यात साखळी हलवावी तशी खळखळ आली, तर चेनचा खर्च भावातून वजा करा. ती खळखळ गाडी तापल्यावरही चालूच राहिली, तर चहा प्या आणि घरी या.

पेट्रोलमध्ये दोन प्रकार. दोन्ही 1368 सीसी. साधं, बिनटर्बोचं ‘फायर’ इंजिन टिकाऊ आहे, पण इतक्या जड गाडीला कमी पडतं. कन्नड घाटात चार माणसं आणि एसी लावून पाहा म्हणजे कळेल. दुसरं टी-जेट, टर्बो पेट्रोल. चालवायला फार गोड गाडी, चारही चाकांना डिस्क ब्रेक. पण या पेट्रोल इंजिनांना टायमिंग बेल्ट आहे आणि रबर नुसतं किलोमीटरनं जात नाही, वयानंही जातं. दहा वर्षांची, 40 हजार चाललेली, डॉक्टरांनी जपून वापरलेली टी-जेट म्हणजे बहुतेकदा दहा वर्षांचा बेल्ट. बदलल्याचं बिल हातात नसेल तर गाडी घरी आणण्याआधी तो बदलायचा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इंधनाच्या नळ्या आणि सील तपासून घ्या.

आता परक्या गाडीकडे वळू. पारोळ्याच्या एका गुरुजींच्या लिनियासमोर रात्री रानडुक्कर आलं. इंजिनाला ओरखडा नाही, रेडिएटर शाबूत. गेला तो उजवा हेडलॅम्प आणि बंपर. जळगावात नाही, धुळ्यात नाही. शेवटी कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून भंगारात निघालेल्या गाडीचा दिवा मिळाला, तोवर महिना गेला. रात्रीचं गावाला जाणं बंद, गुरुजी एसटीने शाळेत. गाडी बिघडली असं म्हणावं तर काहीच बिघडलं नव्हतं. खरी अडचण ही आहे. दाराची हँडलं, आरसे, पॉवर विंडोची मोटर, स्टिअरिंग रॅक, मीटरचा कन्सोल, दिवे-काचा-कुलपं सांभाळणारा बॉडी कॉम्प्युटर या वस्तू स्विफ्टमध्ये बसत नाहीत. म्हणून गाडी पाहताना इंजिनाइतकाच वेळ यांना द्या. चारही काचा खाली-वर करा, प्रत्येक दार बाहेरून आणि आतून उघडा. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणून हाताला छान वजनदार लागतं. पण गाडी जागेवर उभी ठेवून चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि खाली वाकून रॅकजवळ ओल दिसते का पाहा.

चावीचंही तसंच. फियाट दोन चाव्या आणि सोबत नवी चावी बनवताना लागणारं एक कोड कार्ड देत असे. मालकाकडे एकच चावी असेल, कार्ड हरवलं असेल, तर ती एक चावी हरवल्यावर काय करणार, याचा विचार आत्ताच करा. आपल्या भागात कोणत्या मिस्तरीकडे मल्टी-ईसीयू-स्कॅनसारखं फियाटचं सॉफ्टवेअर आणि केबल आहे, हे गाडी घेण्याआधी शोधा. असा माणूस तुमच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर नसेल तर, माझं मत विचाराल तर, लिनिया घेऊ नका. जीपची शोरूम हा दुसरा रस्ता, कारण कंपनी तीच. पण आधी फोन करून लिनिया घेतात का ते विचारून मग निघा.

उन्हाळ्याबद्दल थोडं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून गाडी दुपारी चालवून पाहा, सकाळच्या गारव्यात सगळेच एसी चांगले असतात. एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा, इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरच थांबतो का आणि पंखा वेळेवर लागतो का ते बघा. रेडिएटरच्या टाकीत कूलंटऐवजी नुसतं बोअरचं पाणी असेल तर मागच्या मालकानं गाडी कशी सांभाळली, ते तिथेच कळलं. पुढच्या सस्पेन्शनचे लोअर आर्म आणि बुश आपल्या रस्त्यांवर जातातच, तो खर्च धरूनच चाला.

आता चालवण्याचा हिशेब. महिन्याला हजार किलोमीटर धरा, वर्षाला 12 हजार. डिझेल लिनिया मिश्र वापरात 16 चा ॲव्हरेज देते असं धरलं तर 750 लिटर लागतं. नव्वद रुपयांनी ते 67,500 रुपये झाले. टी-जेट 11 चा देईल, म्हणजे 1,090 लिटर, 104 च्या भावानं सव्वा लाखाला दहा-बारा हजार कमी. थर्ड पार्टी विमा दोन्हींना 2022 मध्ये ठरलेल्या दराने 3,416 रुपये आणि वर जीएसटी, कारण दोन्ही इंजिनं 1000 ते 1500 सीसीच्या गटात येतात. पण डिझेल स्वस्त पडतं म्हणून शाळा-बाजार-घर एवढ्यासाठी घेऊ नका. इंजिन नीट तापतच नाही, धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी बसते. आठवड्याला एकदा तरी लांब जाणाऱ्यानंच डिझेल घ्यावं. आणि जी किंमत देणार तिच्या एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी. दीड लाखाची गाडी घेणाऱ्याकडे दोन लाख असावेत. नसतील तर जुनी वॅगन-आर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. फॉर्म 29 आणि 30 वर सही मालकाची, एजंटाची नव्हे. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरून बँकेचं नाव उतरलेलं पाहिजे. विमा तुमच्या नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात, ते वाया घालवू नका. दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या डिझेल गाड्यांपासून सावध राहा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार म्हणून त्या इकडे येतात. स्वस्त दिसतात, पण महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो, आणि तो धरला की स्वस्ताई उरत नाही.

(सभेतून एका दादांनी विचारलं : 2010 ची डिझेल शिरपूरला मिळते आहे, मालक ओळखीचे आहेत, भाव अगदी कमी सांगतात. घेऊ का?)

दादा, मालक ओळखीचे आहेत हे चांगलंच, सर्व्हिसची बिलं मागायला संकोच वाटणार नाही. पण 2010 च्या गाडीची पंधरा वर्षं भरली. आरसीची मुदत वाढवली आहे का, हे आधी बघा. वाढवली नसेल तर पासिंग करावं लागेल. त्याची फी 2022 पासून पाच हजार आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते. दिवे, ब्रेक, धूर, सगळं तिथे पाहतात. भाव कमी आहे तो बहुधा यामुळेच. मालकांना सांगा, ‘आप्पा, गाडी भारी शे, पण पासिंग तुम्ही करून द्या, त्याचे पैसे मी भावात धरतो.’ पासिंग झालेली आरसी हातात पडली की मग इसार द्या.