सॅलरी स्लिपवरचे 135 रुपये

(दृश्य: सकाळ. भोसरी एमआयडीसीच्या एका गेटवर रात्रपाळी सुटते आहे. डबे, सायकली, कंपनीच्या बसेस.)

ही सॅलरी स्लिप बघा. पगार 18,000 रुपये. कपातीच्या रकान्यात पीएफच्या खाली एक छोटा आकडा आहे: ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, 135 रुपये. पहिल्या नोकरीतली बरीच मुलं हा आकडा पाहून म्हणतात, उगाच कापतात. शेजारच्या खोलीतला मित्र हिंजवडीत लागलेला असतो. त्याच्याकडे तीन लाखांच्या मेडिक्लेमचं कार्ड असतं. मग गावाहून आईचा फोन येतो, तुला का नाही रे तसलं कार्ड?

ही दोन कागदं आपण शेजारी ठेवून बघणार आहोत.

(दृश्य: टेबलावर सॅलरी स्लिप आणि मेडिक्लेम कार्ड.)

ईएसआयचा मूळ कायदा 1948 साली झाला. योजना 1952 साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, महाराष्ट्रात 1954 ला आली. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू आहे. कामगाराकडून पगाराच्या पाऊण टक्का घेतात, मालकाकडून सव्वातीन टक्के. म्हणजे या मुलाचे 135 आणि मालकाचे 585. हे 585 कामगाराच्या पगारातून वसूल करायला कायद्यानं मनाई आहे. ठेकेदाराच्या हाताखाली असाल तर हे वाक्य लक्षात ठेवाच.

या 720 रुपयांत काय मिळतं? स्वतःला, बायको-मुलांना आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना उपचार. वडिलांना आधीपासून साखर आहे म्हणून कुणी नाव कापत नाही. आणि उपचाराच्या खर्चाला तीन लाख, पाच लाख अशी रेघ नाही.

मित्राच्या कार्डावर ती रेघ आहे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्येही जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण कार्डात आई-वडील आहेत का, हे कंपनी ठरवते. काही ठिकाणी त्यांचा हप्ता वेगळा भरावा लागतो. शिवाय खोलीच्या भाड्याची अट असते. समजा ती विमा रकमेच्या एक टक्का आहे. तीन लाखांवर दिवसाला तीन हजार. गडबडीत सहा हजारांची खोली घेतली, तर वरचे तीन हजार तर आपले जातातच, पण सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, मंजूर होऊ शकतात. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर हे कळतं. पेशंट व्हीलचेअरवर बसलेला असतो आणि भाऊ फोनवर पैसे जमवत असतो.

(दृश्य: दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघणारी माणसं. क्षणभर शांतता.)

ईएसआयचा त्रास वेगळा आहे. इथं बिल नाही, पण वेळ जातो. आधी दवाखाना, मग रुग्णालय, तिथं सोय नसेल तर दुसरीकडे रेफरची चिठ्ठी. रोजावर जगणाऱ्या माणसाचा एक दिवस रांगेत गेला तर तो खाडा असतो. खासगी रुग्णालयातली झटपट कॅशलेस सोय इथं नाही, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पण एक गोष्ट ईएसआय करतं, जी मेडिक्लेमचं कार्ड करत नाही. ते घरखर्चाकडे बघतं. आजारपणात कामावर जाता आलं नाही, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. कामावर इजा झाली तर 90 टक्के, आणि त्यासाठी नोकरीचा पहिला दिवसही चालतो. बाळंतपणाला 26 आठवडे पूर्ण पगाराइतका भत्ता. मेडिक्लेम रुग्णालयाचं बिल भागवतो. किराणा, खोलीभाडं आणि मुलाची फी त्यात येत नाही.

(दृश्य: मॉलचा मागचा दरवाजा. युनिफॉर्म बदलणारी मुलं-मुली.)

आता पार्टटाइमवाल्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. कॉलेज करून संध्याकाळी चार तास दुकानात उभी राहणारी मुलगी, सकाळी ऑफिस झाडणाऱ्या मावशी. यांना सर्रास सांगितलं जातं, पार्टटाइमला ईएसआय नसतं. हे खरं नाही. आस्थापनेला योजना लागू असेल तर अर्धवेळ कामगारही त्यात येतो. महिना 8,000 मिळत असतील तर त्याचे कापायचे 60 रुपये, मालकानं भरायचे 260. ग्रुप मेडिक्लेममध्ये मात्र पार्टटाइम माणसाला घ्यायचं की नाही, हे पुष्कळदा कंपनीच्या मर्जीवर असतं.

अडचण येते ती दिवसांच्या हिशेबात. आजारपणाचा भत्ता मिळायला सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी लागते. सहामाही म्हणजे 26 आठवडे. आठवड्याला तीन दिवस काम केलं तर बरोबर 78 भरतात. फक्त शनिवार-रविवार करणाऱ्याचे 52 होतात आणि तो राहतो बाहेर. एका दिवसाची हजेरी लागली नाही, तरी तीन दिवसवाल्याचाही हक्क जातो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, मावशी, आपल्या हजेरीचा फोटो महिन्याच्या महिन्याला काढून ठेवा.

(दृश्य: कॅलेंडर. एप्रिल, सप्टेंबर, मार्च.)

आणि नोकरी सुटली तर? ग्रुप मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी संपतो. ईएसआयचं चक्र मागून येतं. ऑक्टोबर ते मार्च भरलेल्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबर मिळतो, एप्रिल ते सप्टेंबरचा पुढच्या जानेवारी ते जून. दिवस भरलेले असतील, तर मार्चमध्ये घरी बसलेल्या माणसाचा हक्क डिसेंबरपर्यंत पोचू शकतो. एप्रिलमध्ये पगार 22,000 झाला आणि ईएसआय कापणं थांबलं, तेव्हाही हेच. किती जण त्या दिवशी ईएसआयचं कार्ड कचऱ्यात टाकतात! पगारवाढीचा पेढा वाटताना एचआरला विचारायला हवं, आता मेडिक्लेम कधीपासून, आणि त्यात आई-वडील आहेत का? वाढलेल्या पगारातून त्यांचा वेगळा विमा काढायचा, तर वाढ कितीशी उरते?

(दृश्य: पुन्हा भोसरीचं गेट. दिवसपाळी आत जाते आहे.)

ठेकेदारानं पैसे भरलेच नाहीत, तर कायदा मूळ मालकाला धरतो. मात्र त्याआधी तुमची नोंद झाली आहे का, हे तपासायला हवं. प्रत्येक विमाधारकाला दहा आकड्यांचा आयपी नंबर मिळतो. पहिल्या पगाराच्या दिवशी सुपरवायझरकडे तो मागा. स्लिपवर 135 कापलेत आणि नंबर मिळत नाही, तर ती स्लिप घेऊन थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा.