वॉरंटी नागपुरात, ग्राहक एटापल्लीत

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सातबारा, जातीचा दाखला, धान विक्रीची नोंदणी अशी कामे गावकरी ज्या सेवा केंद्रात जाऊन करतात, तिथला एकुलता एक संगणक बंद पडला की दूरवरून आलेल्या माणसांना रिकाम्या हाताने परतावे लागते. संगणकाची वॉरंटी संपलेली नसते. पण वॉरंटीच्या बारीक अक्षरांतल्या अटीनुसार यंत्र ग्राहकानेच कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात पोहोचवायचे असते, आणि ते केंद्र बहुतेकदा दोनशेहून अधिक किलोमीटरवर, नागपुरात असते. तिथवर जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा वॉरंटीत उल्लेखही नसतो. शहरातल्या ग्राहकाइतकीच किंमत मोजणाऱ्यावर हा उघड अन्याय आहे, असे आम्हाला वाटते.

नागपुरात पोहोचल्यावर काय होते, तेही पाहिले पाहिजे. तंत्रज्ञ लॅपटॉपचे खालचे झाकण उघडतो, मदरबोर्डवर चार्जिंगच्या जोडणीपाशी आलेला पांढुरका थर दाखवतो, जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘पाणी शिरले आहे’ असा शेरा लिहितो आणि वॉरंटी नाकारतो. असा थर पावसाळ्यातल्या दमट हवेनेही चढू शकतो; त्यामुळे पाणी सांडल्याचा निष्कर्ष केवळ डोळ्यांनी पाहून कसा काढला, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगाला दिलेला आहे.

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार साधारणपणे विक्रेत्याचे किंवा कंपनीचे कार्यालय जिथे असेल, अथवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथे करावी लागे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही ती करण्याची मुभा दिली. म्हणजे एटापल्लीच्या ग्राहकाला गडचिरोलीच्या आयोगाकडे दाद मागता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते.

अडचण येते ती कागदांची. तालुक्याच्या दुकानांत पुष्कळदा वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला जातो, आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक नसतो. बिल न देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, तेव्हा पक्के बिल मागताना संकोचण्याचे काहीच कारण नाही. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांकही जपून ठेवावा. आणि दुरुस्ती केंद्राने सही मागितली की आधी शेरा वाचावा. तो पटत नसेल तर त्याच जॉबशीटवर ‘मान्य नाही’ असे लिहून मगच सही करावी व तिची प्रत सोबत आणावी.