गुडघ्याची वाटी आणि खांद्यावरचा बार

श्रोतेहो, नमस्कार. बसल्या जागी एक करा. टाच समोरच्या स्टुलावर ठेवा, पाय सैल सोडा आणि गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून आडवी हलवून बघा. हलली ना? आता मांडी आवळा. बसली घट्ट!

ही वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, असते आणि मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खाचेतून वर-खाली सरकते. गुडघा २०-३० अंश वाकला की ती खाचेत नीट शिरते. तिचा ओढा मुळातच बाहेरच्या अंगाला. आतून एक अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आणि मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू तिला धरून ठेवतात.

मध्यंतरी एक पोरगा आला. म्हणाला, "सर, जिना उतरताना वाटीमागं दुखतं. पिक्चरला बसलो की पाय लांब करावासा वाटतो." त्याला स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठक, मारायला लावला. बारवर ८० किलो. खाली झकास गेला. वर येताना अर्ध्यावर डावा गुडघा आत पडला आणि लगेच सावरला. पुढच्या तिन्ही वेळा तेच. आणि यानं स्वतःच काढलेला इलाज काय, तर नी-कॅप, म्हणजे गुडघ्यावरची ताणपट्टी, करकचून चढवायची आणि वजन वाढवायचं!

गुडघा आत पडतो तेव्हा मांडीचं हाड आत वळतं, खाच वाटीखालून सरकते आणि दाब वाटीच्या बाहेरच्या कडेवर येतो. दुखतो गुडघा, कमी पडतात ते बऱ्याचदा कुल्ल्याचे स्नायू. त्याला ४० किलोवर आणला. सावकाश, सोसेल तेवढंच खाली. जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा आणि बुटक्या पायरीवरून एका पायावर हळू उतरायचं. अपमान वाटला त्याला. वाटणारच.

गुडघा चवड्यापुढे जाता कामा नये, हा धाक मात्र सोडा. तालमीतल्या बैठका बघा, टाचा उचलून गुडघे पार पुढे जातात. भार एकदम वाढवला का अंगाला सवय करत, ते महत्त्वाचं. नुसतं कटकट वाजत असेल, दुखत-सुजत नसेल, तर वाजू द्या. वाटी बाहेर निसटली, गुडघा एकाएकी सुजला किंवा अडकला, तर मात्र चोळणं-ओढणं नको. थेट हाडांचे डॉक्टर.

तो पोरगा आता ६० किलोवर आहे. जिना कठडा न धरता उतरतो. नी-कॅप अजून बॅगेत असते म्हणे.