त्याच दारातून आत

(दृश्य: बेलफास्ट, रोझमेरी स्ट्रीट. माणसांची वर्दळ, मधोमध ब्राँझचा पुतळा.)

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या या रस्त्यावर २०२३ साली हा पुतळा उभा राहिला. फ्रेडरिक डग्लस. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले, विशीत मालकाच्या तावडीतून निसटलेले, आणि पुढं गुलामगिरीविरुद्ध देशभर आवाज उठवणारे. याच शहरातल्या व्हिक्टोरिया हॉटेलात बसून त्यांनी १ जानेवारी १८४६ रोजी बोस्टनला विल्यम लॉइड गॅरिसन यांना पत्र लिहिलं. गॅरिसन म्हणजे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक 'लिबरेटर'चे संपादक.

परमुलखातून माणूस काय लिहितो? तिथले डोंगर कसे, इमारती कशा, खाणंपिणं कसं. डग्लस लिहितात ते असं: मी भाड्याची गाडी करतो. गोऱ्या माणसांच्या शेजारी बसतो. हॉटेलात पोचतो. त्याच दारातून आत जातो. मला त्याच दिवाणखान्यात नेतात. मी त्याच टेबलाशी जेवतो. आणि कुणालाही त्याचं वावडं वाटत नाही.

(दृश्य: जुन्या बोस्टनची चित्रं. बंद दरवाजे.)

यात सांगण्यासारखं काय आहे, असं ज्याला वाटेल त्यानं हेच पत्र पुढं वाचावं. बोस्टनच्या मैदानाजवळ प्राण्यांचं प्रदर्शन आलं होतं. डग्लसना ते बघायची फार हौस. दारावरच त्यांना अडवलं: काळ्यांना इथं प्रवेश नाही. न्यू बेडफर्डच्या प्रार्थनासभेत तेच. खाणावळीत तेच. १८४३च्या डिसेंबरात, बोटीच्या प्रवासात थंडीनं गारठून ते जरा ऊब घ्यायला केबिनमध्ये शिरले, तर कुणीतरी खांद्याला हात लावून तेच वाक्य ऐकवलं. आणि लक्षात घ्या, बोस्टन, न्यू बेडफर्ड ही उत्तरेकडची गावं. तिथं गुलामगिरी नव्हती. कायद्यानं माणूस मोकळा झाला तरी दारं बंदच होती.

(दृश्य: समुद्र. वाफेच्या जहाजाचं जुनं चित्र.)

१८४५ साली डग्लस यांचं आत्मचरित्र निघालं. त्यात त्यांनी मालकाचं नाव, गाव, सगळं उघड लिहिलं. आता त्यांना पकडून परत नेणं सोपं होतं, आणि कायदा मालकाच्या बाजूचा होता. म्हणून १६ ऑगस्टला त्यांनी बोस्टनहून 'कँब्रिया' जहाजानं देश सोडला. वरच्या वर्गाची जागा त्यांना नाकारली गेली. अकरा-बारा दिवसांनी इंग्लंडचं लिव्हरपूल आलं, आणि ऑगस्ट संपता संपता आयर्लंडमधलं डब्लिन.

डब्लिनमध्ये ते उतरले रिचर्ड वेब यांच्याकडे. वेब हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, छपाईचा व्यवसाय करणारे. डग्लस यांच्या आत्मचरित्राची डब्लिनची आवृत्ती त्यांनीच छापली, आणि तिच्या विक्रीवर या दौऱ्याचा बराच खर्च निघाला. डब्लिनच्या लॉर्ड मेयरांकडे डग्लसना जेवणाचं बोलावणं आलं. आयरिश जनतेचे पुढारी डॅनियल ओकॉनेल यांची सभा त्यांनी ऐकली, आणि ओकॉनेल यांनी त्यांना मंचावर बोलावून घेतलं. पुढं वॉटरफर्ड, कॉर्क, लिमरिक.

पण या मोठ्या भेटींपेक्षा पत्रांत पुन्हा पुन्हा येतात त्या साध्या गोष्टी: घोडागाडीतली जागा, बोटीचा वरचा वर्ग, चर्चमधलं बाक. इथं मला रंग म्हणून नव्हे, माणूस म्हणून वागवतात, असं ते डब्लिनहून लिहितात. आणि बेलफास्टच्या पत्रात तर शब्द उसळून येतात. अमेरिकेच्या निळ्या आभाळाऐवजी इथं डोक्यावर मऊ, करडं धुकं आहे, मी श्वास घेतो, आणि काय नवल, मालमत्ता होती तिचा माणूस झाला!

दार, पाणी आणि पंगत. माणसाची किंमत इथंच ठरते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना.

(दृश्य: आयर्लंडचा खेडवळ भाग. पडक्या भिंती, ओलं शेत.)

आता पत्रांची दुसरी बाजू. मला डग्लस सर्वांत मोठे वाटतात ते इथं. ज्या देशानं त्यांना मान दिला, त्याच देशाची दैना त्यांनी झाकली नाही. फेब्रुवारी १८४६ मध्ये स्कॉटलंडच्या माँट्रोजहून लिहिलेल्या पत्रात ते डब्लिनचे रस्ते भिकाऱ्यांनी भरलेले सांगतात, आणि मग आपल्याला एका आयरिश झोपडीत नेतात. चार मातीच्या भिंती, पुरुषभर उंचीच्या. वर गवताचं छप्पर. खिडकी नाही, फरशी नाही. जुन्या पेटीवर फळी टाकून केलेलं टेबल. पेंढ्याचा ढीग, त्यावर मळक्या चिंध्या. भिंतीवर क्रुसावरच्या येशूचं चित्र चिकटवलेलं. कोपऱ्यात लोखंडी भांडं, कधी नुसतं अर्धंच. चुलीत दलदलीतून कापून वाळवलेली माती धुमसतेय, तिची ऊब कुणाला पोचत नाही. आणि एवढ्याशा जागेत नवरा, बायको, पाच मुलं आणि एक डुक्कर.

हे सगळं बटाट्यावर रोग पडू लागला त्या सुमाराचं. १८४५ च्या शरद ऋतूत पहिलं पीक सडलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी गेली. त्या दिवसांत ऐकलेल्या आयरिश गाण्यांबद्दल डग्लस नंतर लिहितात की असा आर्त सूर त्यांनी मळ्यावरच्या गुलामांच्या गाण्यांतच ऐकला होता.

तरी दोन दुःखांची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही. आयरिश माणूस गरीब आहे, पण गुलाम नाही, तो आपल्या देहाचा धनी आहे, असं त्यांनी १८५० साली अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या व्याख्यानात बजावलं. आणि माँट्रोजच्या त्याच पत्रात गॅरिसनना हेही कळवलं की मी केवळ अमेरिकन गुलाम नाही, मी माणूस आहे, म्हणून साऱ्या मानवजातीच्या भल्यासाठी झटणं माझ्यावर बंधनकारक आहे.

(दृश्य: हस्तलिखित पत्र. मग छापखान्याचं यंत्र.)

डिसेंबर १८४६ मध्ये इंग्लंडमधल्या स्नेह्यांनी १५० पौंड भरून मालकाकडून त्यांची कायदेशीर मुक्तता करून घेतली. एप्रिल १८४७ मध्ये डग्लस मायदेशी परतले. ३ डिसेंबर १८४७ रोजी रोचेस्टरमध्ये त्यांच्या स्वतःच्या 'नॉर्थ स्टार' या वृत्तपत्राचा पहिला अंक छापून निघाला. ते सुरू करायला लागलेला पैसा अटलांटिकपलीकडच्या या मित्रांनी वर्गणी काढून उभा केला होता.