सेवेसाठी निवड आणि तारण

बंधुभगिनींनो, मंडळीत एखादे पाळक किंवा वडीलजन वारले की अंत्यविधीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: देवानं त्यांना सेवेसाठी निवडलं होतं, तेव्हा त्यांच्या तारणाबद्दल, म्हणजे पापातून सुटून देवाजवळ जाण्याबद्दल, शंकाच नको. कोल्हापुरात सेवेला मान आहे आणि तो असावा. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर इथं आले ते सेवेसाठीच. पण हे वाक्य शास्त्राला धरून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्शियाचा कोरेश राजा घ्या. यशयाच्या ४५ व्या अध्यायात परमेश्वर त्याला आपला अभिषिक्त म्हणतो, त्याचा उजवा हात धरतो, आणि तू मला ओळखत नसलास तरी, असं त्याच तोंडानं सांगतो. कोरेशानं ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये बाबेल जिंकलं आणि यहुद्यांना घरी परतायची वाट मोकळी झाली. काम चोख झालं. पण १८७९ साली बाबेलच्या अवशेषांत सापडलेल्या त्याच्या मातीच्या लेखात श्रेय बाबेलचा देव मार्दूक याला दिलंय. कोरेशाचा हात धरला तो मार्दूकनं, असं तो लेख म्हणतो.

कोरेश परका होता, असं कुणी म्हणेल. मग येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत? तो तर घरचा, बारा शिष्यांतला. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू बारा जणांना अशुद्ध आत्मे काढायचा आणि रोग बरे करायचा अधिकार देतो. त्या यादीत यहूदाचं नाव आहे, आणि त्याला अधिकार कमी दिला असं कुठंही लिहिलेलं नाही. त्याच्या हातानंही आजारी बरे झाले असतील. योहानात येशू म्हणतो, तुम्हा बारा जणांना मीच निवडलं ना? तरी तुमच्यातला एक सैतान आहे. निवड खरी, सामर्थ्यही खरं, आणि शेवट असा. शौल राजा, बलाम संदेष्टा यांच्या कथा तुम्हाला पाठ आहेत, त्यांत शिरत नाही.

प्रेषित पौलाला हे पक्कं ठाऊक होतं. ग्रीसमधल्या करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. तिथली मंडळी पैलवान आणि धावपटू बघत वाढलेली, जशी आपली पोरं खासबागेत कुस्ती बघत वाढतात. त्यांना तो पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लिहितो: मी देहाला कह्यात ठेवतो, नाहीतर इतरांना घोषणा करून मी स्वतःच बाद व्हायचो. विद्वानांत यावर वाद आहे. काही म्हणतात, इथं फक्त बक्षीस हुकण्याची भीती आहे, तारण नव्हे. मला ते पटत नाही, कारण लगेच पुढं दहाव्या अध्यायात पौल अरण्यात नाश पावलेल्या इस्राएलांची आठवण देतो. तेही निवडलेलेच होते.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. प्रार्थनेला मागच्या बाकावर बसणाऱ्या बाया मला विचारतात, आम्हाला ना गाता येतं, ना बोलता येतं, मग देवानं आम्हाला निवडलंय कशावरून? भूमिका म्हणजे तारण ही समजूत त्यांच्यावर अन्याय करते. अब्राहामाचा मुलगा इश्माएल हा देवानं वचन दिलेला पुत्र नव्हता. तरी उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात लिहिलंय, देव त्या मुलाबरोबर होता. याकोबाचा भाऊ एसाव यालाही वचनाच्या वंशात जागा मिळाली नाही. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायावरून त्याला सरळ नरकात धाडणारे उपदेशक मी ऐकलेत. त्यांनी उत्पत्तीचा ३३ वा अध्याय उघडावा. फसवलेला भाऊ धावत येतो, याकोबाच्या गळ्यात पडतो, रडतो. आणि निवडलेला याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं मुख पाहिल्यासारखं आहे. एसावाच्या तारणाचा निकाल शास्त्रानं दिलेला नाही, मीही देणार नाही. पण याकोबानं जे पाहिलं, ते वंशात नसलेल्या माणसात पाहिलं.