चाफा: झुडूप की झाड?

नमस्कार श्रोतेहो. चाफा लावायचा तर तो झुडूप हवा की झाड, हे आधी ठरवा. नंतर तो तुम्हाला विचारत नाही.

चाफा म्हणजे इथं सोनचाफा आणि कवठी चाफा, दोघेही शास्त्रीय नावानं मॅग्नोलिया. देवळापुढचा चिकाचा देवचाफा यांचा कुणी लागत नाही. गंमत अशी, की मॅग्नोलिया हे नाव १७०३ साली शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलं, आणि देवचाफ्याच्या शास्त्रीय नावात, प्लुमेरियात, तोच जाऊन बसलाय.

कवठी चाफा झुडूपच राहतो, फूल फांदीच्या टोकाला. सोनचाफा मात्र जंगलात तीस मीटरच्याही वर जातो. बी लावलं तर फुलायलाच आठ-दहा वर्षं. कलम दोन-तीन वर्षांत फुलतं आणि छाटत राहिलं तर हाताशी राहतं. फूल येतं नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. छाटायला भिऊ नका.

आमच्या गुहागरच्या आत्यानं असंच कलम आणून विहिरीकडेला लावलं. शेजारच्या बकरीनं शेंडा खाल्ला, थेट कलम बांधलेल्या जोडापर्यंत. महिन्याभरात बुंध्यातून जोमदार फुटवा आला आणि आत्या वाडीभर सांगत सुटली, "जगलं हो माझं कलम!"

जगला होता तो खुंट, म्हणजे ज्या बियाच्या रोपावर कलम बांधलेलं होतं ते खालचं रोप. कलम बकरीच्या पोटात. म्हणून सांगते, जोडाखालचा फुटवा काढून टाका. परत सांगते, जोडाखालचा.

पाच वर्षांत झाड कौलांच्या वर गेलं, फूल एक नाही. आत्या रोज सकाळी परडी घेऊन खाली उभी. काका म्हणायचे, "टाळ्या वाजवून बघ, उतरतंय का!" नवव्या वर्षी एका पहाटे वास आला. वास आला, फूल दिसेना. पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, बोलावलं. त्यानं मान वर केली नि म्हणाला, "काकी, माडावर कितीही चढवा. ह्याच्या फांद्या कटकन मोडतात."

फुलं पडतात ती वाऱ्यानं गडग्यापलीकडे, बकरीवाल्यांच्या अंगणात. बरं की ते अंगण अजून सारवलेलं आहे. हल्ली जिथं तिथं फरश्या, पडलेलं फूल दुपारपर्यंत भाजून निघतं. असो. त्यांची सून पदरात वेचते, निम्मी आत्याला आणून देते. आत्या घेते. बकरीचा विषय मात्र दर वेळी काढते.