सावली आधी ठरवा

नमस्कार. मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘शरदातली चित्रं’ असं सांगितलं होतं. पत्रिकेवर ‘ऑटम स्केचिंग’ छापून आलंय. तरुण मंडळी यावीत म्हणून तसं केलं, असं ते म्हणाले. समोर पाहतो तर पहिल्या चार रांगांत माझ्याच वयाची माणसं बसली आहेत. तेव्हा शरदच म्हणू या.

त्या ऑटमने आमचा एकदा चांगलाच घोळ केला होता. आम्ही पाच जण गेली काही वर्षं नवरात्र ते दिवाळी या दिवसांत दर रविवारी सकाळी इंदूरमध्ये कुठेतरी चित्रं काढायला बसतो. पहिल्याच वर्षी आमच्यातल्या वहिनी बर्न्ट सिएनाच्या, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाच्या, दोन मोठ्या ट्यूब घेऊन आल्या. कुठल्याशा विलायती व्हिडिओत तांबडी पानं पाहिली होती. माळव्यात आश्विनात पान गळत नाही हो. साग उघडा पडायला उन्हाळा तोंडावर यावा लागतो. आश्विनात सगळं हिरवंच असतं, फक्त आषाढातला तो ओला, काळसर हिरवा जाऊन त्यात पिवळा शिरायला लागतो. गावाबाहेर सोयाबीन निघालेलं असतं, काळी माती उघडी पडलेली असते, नाल्याच्या काठाने काशाचे पांढरे तुरे डुलत असतात. आणि संध्याकाळी सप्तपर्णीचा वास असा सुटतो की काहींचं डोकं दुखतं. माझं दुखतं. वहिनींच्या त्या ट्यूब मात्र वाया गेल्या नाहीत. का, ते पुढे येईलच.

शरदच का, असं लोक विचारतात. एक तर पावसाने हवेतली धूळ खाली बसवलेली असते, त्यामुळे लांबच्या कडाही स्वच्छ दिसतात. दुसरं कारण कागदाचं. श्रावणात जलरंगाचा हात दिला की अर्धा तास वाळत नाही, दुसरा हात दिला की चिखल. मे महिन्यात याच्या उलट. आकाशाचा निळा डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावी कड सुकून तिथे रेघ उमटते. आश्विनात सकाळी कागद तुम्हाला चारपाच मिनिटं देतो. तेवढ्यात ओल्या रंगात दुसरा ओला रंग सोडता येतो आणि चूक झाली तर कोरड्या ब्रशने उचलताही येते. कागद मात्र जाड, तीनशे ग्रॅमचा घ्या. पातळ कागद पाणी लागताच पापडासारखा फुगतो. एका दुकानदाराने मला तीनशेचा सांगून भलताच दिला होता. त्याच्यावर लालबाग महालाचं चित्र काढलं, तर महाल लाटेवर बसल्यासारखा झाला.

आणि तिसरी गोष्ट सावलीची. हिच्यावर मी जरा थांबणार आहे.

आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावली पायाखाली गोळा होते, आणि सावली नसली की इमारत कागदावर पुठ्ठ्याची होते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सकाळी आठ वाजता खांबाची सावली खांबाच्या अडीचपट असते. नऊ वाजता ती दीडपटीवर येते. म्हणजे तुम्ही पेन्सिलला टोक करून, चहा पिऊन, ‘कुठून सुरू करावं बरं’ म्हणेपर्यंत समोरचं चित्र बदललेलं असतं. म्हणून बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावलीची हद्द पेन्सिलने आखून टाकायची आणि मग सूर्य कुठेही गेला तरी ती हलवायची नाही. हे मी तीन शरद चुका करून शिकलो. माझ्या एका जुन्या चित्रात छत्रीची, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकाची, सावली डावीकडे आहे आणि त्याच छत्रीखालच्या म्हशीची जवळजवळ सरळ खाली. म्हैस साडेअकराला काढली होती.

सावलीचा रंगही काळा नसतो. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळा, असा राखाडी येतो की दगडाची सावली दगडाचीच वाटते. निळा जास्त झाला तर थंड, तांबडा जास्त झाला तर उबदार. वहिनींच्या दोन ट्यूब इथे संपल्या. पानांसाठी आणल्या होत्या, छत्र्यांवर खर्ची पडल्या.

बाहेर बसून चित्र काढायची या गावाला सवय आहे, आपणच ती विसरलो. १९२७ साली द. दा. देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे त्यांच्या हाताखाली शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर शिकले. एका होळकरी गावातल्या एका मास्तरांच्या हाताखालून इतकी माणसं निघाली. बेंद्रे पुढे बडोद्याला गेले, हुसेन मुंबईला. चिंचाळकर गुरुजी इथेच राहिले आणि वाळक्या पानांत, सालींत, मुळ्यांत त्यांना पक्षी आणि माणसं दिसायला लागली. घराबाहेर पडायची सोय साहेबाने केली, हेही कबूल करू. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथिलाची ट्यूब काढली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयात भरून ठेवत. ते खिशात घालून कोण राजवाड्यासमोर बसणार?

आता राजवाडा निघालाच आहे तर माझी फजिती सांगून टाकतो, नाहीतर आमच्या पाचातले डॉक्टर तिथून उठून सांगतील.

आपला होळकरांचा राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीची आठवण इथल्या बऱ्याच जणांना असेल. आपण जन्मभर तो पाहतो, पण मोजत नाही. त्या रविवारी आम्ही समोर बसलो. मी मोठ्या तयारीने पट्टीसारख्या रेघा मारत वर वर गेलो. खिडक्या काढल्या, सज्जे काढले. पाठीमागे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता, हातात जिलबीचा कागद. बराच वेळ तो बोटांनी काहीतरी करत होता. मग म्हणाला, ‘अंकल, आपने एक माला फालतू चढ़ा दिया.’ मोजले तर आठ! मी सांगायचा प्रयत्न केला की चित्र म्हणजे फोटो नव्हे, चित्रकाराला सूट असते. तो म्हणाला, ‘तो फिर नौ बना दो.’

त्या दिवशी आम्ही पोह्यांच्या गाडीजवळच्या बाकावर पाचही चित्रं ओळीने मांडली. हा आमचा नियम आहे. पोह्यांवर जिरावण मसाला पडायच्या आधी चित्रं मांडायची, कारण नंतर कुणाचे हात कोरडे नसतात. डॉक्टरांनी एकूण एक खिडकी काढली होती, मोजूनमापून, जणू एक्स-रे. वहिनींनी इमारत पेन्सिलीच्या दोन रेघांत उरकून पुढ्यातल्या फुगेवाल्याला अर्धा कागद दिला होता. आमचा भाचा संगणकात काम करतो, त्याला विजेच्या तारा फार आवडतात. त्याच्या चित्रात राजवाडा तारांच्या मागे तुरुंगात गेल्यासारखा. आमच्यातले मास्तर संस्कृत शिकवायचे. त्यांनी फक्त लाकडी मजल्यांची सावली रंगवली होती, बाकी कागद कोरा. आणि सात मजले एका मास्तरांच्याच चित्रात मोजता येत होते. डॉक्टरांच्या खिडक्या वरच्या मजल्याला जागाच न उरल्यामुळे सहाव्यावर संपल्या होत्या.

एकट्याने बसलो असतो तर मला माझं चित्र बरं वाटलं असतं. शेजारी ती चार ठेवल्यावर कळलं की मी सगळंच घेत बसलो होतो. मास्तरांनी काय सोडलं ते दिसलं म्हणून मला काय सोडायचं ते सुचलं. पुस्तकात ‘गाळायला शिका’ असं लिहिलेलं असतं, पण काय गाळायचं ते पुस्तकाला कसं माहीत असणार? ते शेजारच्याच्या कागदावर दिसतं, तेही त्याच जागेचं, त्याच तासाचं चित्र असेल तर. म्हणून मी म्हणतो, सोबत हवी. रस्त्यात बसायचा संकोच जातो, हा फायदा आहेच, पण तो दुय्यम. बघ्यांची सवय आठवड्यात होते.

सोबतीने मूर्खपणाही जास्त होतो. एका कोजागिरीला डॉक्टरांच्या गच्चीवर आम्ही दिवे बंद करून चांदण्यात रंगवायला बसलो. समोर कडुलिंब, आटीव दुधाचे पेले, वातावरण झकास. सकाळी कागद पाहिला तर माझ्या कडुलिंबाचं खोड लालभडक. चांदण्यात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. लाल तर काळाच दिसतो, आणि निळा असतो त्याहून उजळ. मी पॅलेटमधला काळोखातला काळोख उचलला, तो किरमिजी निघाला. मास्तर एवढंच म्हणाले, ‘पळस म्हणून दे कुणाला तरी.’ वहिनींनी तो मागून घेतला. त्यांच्या दिवाणखान्यात तो आजही आहे, आणि पाहुणे त्याला पळसच म्हणतात.

येत्या रविवारी आम्ही कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी बसणार आहोत. जिला आपण खान म्हणत आलो आणि आता कान्ह म्हणतात, त्या नदीच्या काठी. ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेसातला यावं, आठला सावली आखायची आहे. कागद, पेन्सिल, दोन ब्रश पुरेत. बसायला वर्तमानपत्र चालेल. पाण्याची बाटली मात्र ज्याची त्याने आणावी. माझ्या बाटलीत डॉक्टर ब्रश धुतात आणि मग मी ते पितो.